वाई : घाटांचे, दप्तरांचे आणि कोशांचे गाव

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

वाईविषयी मराठीत जे लेखन वाचायला मिळते, ते बहुतेक ढोल्या गणपतीपासून सुरू होते आणि मेणवलीच्या घाटावर झालेल्या चित्रपटांच्या चित्रीकरणापाशी संपते. महाबळेश्वरला निघालेला पर्यटक सुरूर फाट्यावरून आत वळतो, गणपतीला हात जोडतो आणि पसरणीच्या घाटाला लागतो. त्याला गावाचे दर्शन तासाभराचे होते आणि लेखनातही तेवढेच उतरते. या गावाचा स्वभाव कसा घडला असावा, याची जरा सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, वाई कधीही राजधानी नव्हती. सत्ता सतत तिच्या शेजारी, कधी प्रतापगडावर, कधी साताऱ्यात, कधी पुण्यात नांदली. आणि म्हणूनच सत्ता बदलल्या तरी चालू राहील अशा स्वरूपाचे काम या गावाने अंगी बाणवले.

आधी जागा पाहू. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, जोर आणि धोमच्या खोऱ्यातून उतरते आणि वाईत येते. उगमानंतर तिला भेटणारे पहिले शहर हेच. वायव्येला पांडवगड, आग्नेयेला वैराटगड, पश्चिमेला कमळगड आणि मागे महाबळेश्वर-पाचगणीचे पठार, अशा डोंगरांच्या कुशीत हे सपाट, सुपीक खोरे पसरले आहे. डोंगरमाथ्यावर पावसाचा कहर असतो, तर पायथ्याशी असूनही वाईत पाऊस बेताचाच पडतो. पाणी नदीने आणून द्यायचे आणि जमिनीने ते पिकवायचे, असा इथला जुना व्यवहार आहे. त्यातच कोकणातून घाट चढून आलेल्या वाटा या खोऱ्यातून देशावर जात. देवस्थान, बाजार आणि वाटेवरचा मुक्काम या तिन्ही गोष्टी एकाच जागी आल्या, की लहान गावालाही मोठे आयुष्य मिळते.

या वाटांवरची वस्ती फार जुनी आहे. वाईजवळच्या लोहारे गावी डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या एका लेण्यातल्या स्तूपाला पुढे शिवलिंगाचे रूप देण्यात आले आणि पालपेश्वर म्हणून त्याची पूजा होऊ लागली. पांडवांचा अज्ञातवास, विराटाची नगरी या कथा गावात प्रत्येकाच्या तोंडी असतात आणि त्यांना लोकश्रद्धा म्हणून मान आहेच. मात्र दगडात कोरलेला पुरावा हवा असेल त्याने लोहाऱ्याला जाऊन यावे.

आदिलशाहीत वाई हे सुभ्याचे ठाणे होते. अफजलखान या प्रांताचा सुभेदार राहिलेला होता आणि 1659 मध्ये शिवाजी महाराजांवर चालून आला, तेव्हा त्याने तळ दिला तोही वाईलाच. प्रदेश त्याच्या पायाखालचा होता, रसद मिळण्याची खात्री होती आणि जावळीच्या तोंडाशी असल्याने हालचाल करणे सोपे होते. कृष्णाजी भास्कर हा खानाचा वकील इथूनच प्रतापगडाकडे गेला आणि महाराजांच्या बाजूने पंताजी गोपीनाथ इकडे आले. 10 नोव्हेंबर 1659 ला काय घडले, ते महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या घटनेआधीचे कित्येक आठवडे ज्या गावाने खानाचे सैन्य पोसले, त्या गावाच्या मनावर काय ओझे असेल, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

आज डोळ्यांना दिसणारी वाई प्रामुख्याने अठराव्या शतकातली आहे आणि ती मुख्यतः रास्ते घराण्याने उभी केली. भिकाजी नाईक रास्ते हे सावकार. त्यांची कन्या गोपिकाबाई 1730 मध्ये नानासाहेब पेशव्यांची पत्नी झाली. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव या तिघांची ही आई. लग्नसंबंधाने सावकारी घराणे सरदार बनले आणि पैसा, अधिकार व धर्मकार्याची हौस एकाच ठिकाणी आली. आनंदराव भिकाजी यांनी 1757 मध्ये काशीविश्वेश्वराचे आणि गणपतराव भिकाजी यांनी 1762 मध्ये महागणपतीचे, म्हणजेच ढोल्या गणपतीचे, मंदिर बांधले. या दोन सालांच्या मध्ये पानिपत आहे, आणि त्या रणात गोपिकाबाईंचा थोरला मुलगा पडला होता. असा आघात सोसलेल्या घराण्याने दुसऱ्याच वर्षी इतके मोठे देवालय उभे करावे, याकडे मी केवळ श्रीमंतीचे प्रदर्शन म्हणून पाहू शकत नाही.

याच काळात नदीकाठाने दगडी घाट उभे राहिले आणि गावाची रचना घाटांभोवती झाली. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड अशा आळ्या आहेत. एकेका आळीचा आपला घाट आहे आणि त्या घाटावर तिचा आपला कृष्णाबाईचा उत्सव होतो. उन्हाळ्याच्या आधीच्या महिन्यांत हे उत्सव एकामागून एक होतात. आळी नदीला आपल्या घाटावर बोलावते, मांडवात देवीची स्थापना करते, कीर्तन-प्रवचने होतात आणि प्रसादाच्या पंगती उठतात. पाहुणी एका घरून दुसऱ्या घरी जावी, तशी कृष्णाबाई आळ्यांमधून मानाने फिरते. नदीला देवी मानणारी गावे पुष्कळ आहेत. तिला वर्षातून एकदा आळीची लेक म्हणून वागवणारे गाव मला दुसरे माहीत नाही.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. अशा वेळी सरदारांच्या आश्रयावर जगणारी गावे कोमेजून जातात आणि पुष्कळ गावांचे तसे झालेही. वाईत संस्कृत विद्येची परंपरा उरली होती, ब्राह्मणांच्या आळ्या होत्या, शास्त्र्यांची घरे होती. पण या विद्येला नव्या जगात काय अर्थ, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर एका बाहेरून आलेल्या माणसाने शोधले. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच संन्यास घेतल्यानंतरचे केवलानंद सरस्वती, मूळचे कुलाबा जिल्ह्यातले. त्यांनी वाईत विद्यार्थी जमवून शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून प्राज्ञपाठशाळा उभी राहिली. वेदान्त, मीमांसा, न्याय शिकवायचे ते परंपरेच्याच शिस्तीत, परंतु त्या शास्त्रांचा आधार घेऊन आजच्या धर्माचाराची तपासणी करायची, ही या पाठशाळेची ठेवण होती. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन आलेले तरुण विनोबा भावे 1917 च्या सुमारास इथेच उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य शिकले.

खानदेशातल्या पिंपळनेरहून किशोरवयात आलेला एक विद्यार्थी तर पुढे वाईचाच झाला. लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी कलकत्त्याला जाऊन तर्कतीर्थ ही पदवी मिळवली आणि ते परत वाईला आले. 1932 मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात अस्पृश्यतेच्या प्रश्नाशी झुंजत होते, तेव्हा त्यांना शास्त्राधार पुरवणाऱ्यांमध्ये तर्कतीर्थ होते. 1933 मध्ये पुण्यात देवदास गांधी आणि राजगोपालाचारींच्या कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, त्याचे पौरोहित्यही तर्कतीर्थांनीच केले. ज्या गावाला दक्षिण काशी म्हणून कर्मठपणाची कीर्ती होती, त्याच गावच्या पाठशाळेतून शास्त्र हाती घेऊन अस्पृश्यतेच्या विरोधात उभे राहणारे पंडित निघाले. वाईच्या इतिहासातली ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट आहे. गणपतीच्या देवळापेक्षाही मोलाची आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

जाणकारांनी भर घालावी, जिथे मत पटत नसेल तिथे स्पष्टपणे सांगावे.

दप्तरवाचक

उत्तम धागा. मेणवलीविषयी काही जोडतो, कारण आपल्या मूळ मुद्द्याला ते पुष्टी देणारे आहे.

वाईपासून अगदी जवळ असलेले मेणवली हे गाव औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींकडून 1768 च्या सुमारास नाना फडणवीसांना मिळाले. नानांनी इथे वाडा, घाट आणि मेणेश्वराचे देऊळ बांधले. घाटावर टांगलेली घंटा अनेकांनी पाहिली असेल. तिच्यावर 1707 हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत पोचल्या. मेणवलीची घंटा त्यांपैकीच एक आहे. ती वितळवून टाकली नाही, तिच्यावरची आकृती घासून पुसली नाही. जशी होती तशीच देवाच्या दारी टांगली. त्यामुळे तिचे साल, तिची घडण आणि तिचा प्रवास आज आपल्याला वाचता येतो.

वाड्याहून मोठा वारसा मात्र कागदांचा आहे. पुण्यातल्या कारभाराचे कितीतरी कागद नानांनी मेणवलीला ठेवले होते. 1800 मध्ये नाना गेले. त्यांच्या पत्नी जिऊबाई यांनी पुढच्या धामधुमीनंतरचे दीर्घ आयुष्य मेणवलीत काढले आणि कागदही वाड्यात राहिले. पुढे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती हे दप्तर आले आणि इतिहास संशोधकांपुढे उत्तर पेशवाईचा मोठा साठा खुला झाला. पुण्याचा शनिवारवाडा 1828 मध्ये जळून गेला. पुण्यापासून दूर, नदीकाठच्या आडगावी ठेवलेले कागद मात्र शाबूत राहिले. सत्तेच्या शेजारी, पण सत्तेच्या वणव्यापासून दूर, असे वाईच्या परिसराचे जे स्थान आपण सांगितले, त्याचा यापेक्षा चांगला दाखला मला सुचत नाही.

पसरणीकर

लेख आवडला, तरी एक आक्षेप नोंदवणे मला कर्तव्य वाटते. आपण रंगवलेली वाई ही सात आळ्यांची वाई आहे. घाट, शास्त्री, सरदार, पाठशाळा हे सारे खरे आहे, पण हे गाव ज्या तालुक्याच्या धान्यावर आणि श्रमावर जगले, तो तालुका त्यात कुठेच दिसत नाही.

बावधनचे बगाड घ्या. फाल्गुनात, रंगपंचमीला, कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बावधनपर्यंत भैरवनाथाचे बगाड शेताशेतांतून ओढत नेतात. अजस्र लाकडी गाडा, त्याच्यावर उभारलेले उंच शीड आणि त्याला टांगलेला नवसाचा बगाड्या. शेतकरी आपापल्या बैलजोड्या आलटूनपालटून जुंपतात आणि आपला बैल बगाडाला लागला, याचा अभिमान घरात वर्षभर पुरतो. कृष्णाबाईचा उत्सव जितका वाईचा, तितकेच बगाडही वाईचेच मानायला हवे. दोन्ही उत्सवांचा आरंभ नदीकाठीच होतो, हेही लक्षात घ्यावे.

आमच्या पसरणीत 1923 मध्ये कृष्णराव साबळे जन्मले, ज्यांना पुढे महाराष्ट्र शाहीर साबळे म्हणून ओळखू लागला. पसरणीच्याच बी. जी. शिर्के यांनी बांधकामाच्या क्षेत्रात देशभर नाव केले. कवठ्याचे किसन वीर हे सातारच्या प्रतिसरकारातले आघाडीचे नेते. येरवड्याच्या तुरुंगातून निसटून त्यांनी भूमिगत राहून लढा चालवला आणि स्वातंत्र्यानंतर सहकार व शिक्षण या दोन्ही क्षेत्रांत काम केले. भुईंजचा साखर कारखाना आणि वाईचे महाविद्यालय या दोहोंना त्यांचे नाव आहे. वाईत ज्याला आपण विद्येची परंपरा म्हणतो, ती शेतकऱ्याच्या मुलापर्यंत पोचली ती या महाविद्यालयामुळे, पाठशाळेमुळे नव्हे.

आणि हळद. वाईच्या बाजारपेठेत हळदीला मोठा मान आहे. ऊस वाढण्याआधी खोऱ्यातल्या घरोघरी हळदीचा हंगाम म्हणजे महिनोन्‌महिन्यांचे काम असे. कंद काढायचे, जेठे गड्डे बियाण्यासाठी बाजूला करायचे, हळकुंडे काहिलीत शिजवायची, अंगणात वाळवायची आणि मग घासून पिवळी करायची. या कामात बायकांचा वाटा सर्वांत मोठा होता. त्या घरांचे बखरीत किंवा कोशात नाव नाही, पण घाटावरच्या पंगतींना लागणारे धान्य आणि गूळ त्यांच्याच शेतांतून येत होते.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

पसरणीकर, आपला आक्षेप योग्य आहे आणि त्याने धाग्याची बाजू पुरी होते. एका मुद्द्यावर मात्र मी माझे मत सोडणार नाही. पाठशाळेचा लाभ शेतकऱ्याच्या मुलाला थेट मिळाला नाही, हे खरे. पण अस्पृश्यता शास्त्रसंमत नाही, विधवेचा पुनर्विवाह धर्माविरुद्ध नाही, हे कर्मठ समाजाला त्याच्याच भाषेत सांगणारे कोणी नसते, तर सुधारकांचे काम कितीतरी अवघड झाले असते. महाविद्यालयाने दार उघडले आणि पाठशाळेने आतून कडी काढली, असे मी म्हणेन. या दोन कामांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची गरज नाही.

घाटवाट

महागणपतीच्या देवळाविषयी बांधकामाच्या दृष्टीने दोन शब्द लिहितो. हे देऊळ घाटावरच, नदीच्या पात्राला लागून आहे. महाबळेश्वरच्या पायथ्याशी असलेल्या नदीला पूर कसा येतो, हे काठावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही: वर पाऊस कोसळला, की काही तासांत पाणी घाटाच्या पायऱ्या चढू लागते. म्हणून देवळाची मागची भिंत सपाट ठेवलेली नाही. तिला मध्यभागी धार दिली आहे, त्यामुळे वरून येणारा लोंढा त्या धारेवर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. गावकरी या आकाराला मत्स्याकार म्हणतात. पुलाच्या खांबांना अशी धार देण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण गाभाऱ्याच्या भिंतीला ती देण्याचे भान या कारागिरांना होते. अडीचशेहून अधिक वर्षे कृष्णेचे पूर अंगावर घेऊन देऊळ उभे आहे, ही त्या भानाची पावती आहे.

आतली मूर्ती एकाच काळ्या दगडातून घडवलेली आहे. तिच्या भव्यपणामुळे ढोल्या हे नाव पडले. त्या नावातली माया वाईकरच समजू शकतात. काशीविश्वेश्वराच्या देवळाभोवती मात्र तटबंदी आहे, दीपमाळा आहेत आणि समोरचा नंदी इतक्या गुळगुळीत काळ्या दगडाचा आहे की, गळ्यातल्या घंटांच्या माळेचा प्रत्येक घुंगरू वेगळा मोजता यावा. पर्यटक गणपती पाहून परततात; त्यांनी शेजारच्या या देवळात अवश्य जावे, अशी माझी विनंती आहे. धोमच्या नृसिंह मंदिराचा परिसरही असाच निवांतपणे पाहण्यासारखा आहे.

शोधयात्री

कृष्णाबाईच्या उत्सवाबद्दल एक प्रश्न आहे. अफजलखानाचा तळ वाईत होता, तेव्हा गावच्या ब्राह्मणांनी महाराजांना यश मिळावे म्हणून कृष्णामाईला नवस केला आणि तो फेडण्यासाठी उत्सव सुरू झाला, असे मी ऐकले आहे. याला इतिहास म्हणावे का?

दप्तरवाचक

शोधयात्री, याला गावाची परंपरा म्हणावे, आणि परंपरा म्हणून ती पुष्कळ सांगून जाते. खानाचा तळ वाईत होता, हे इतिहासाला धरून आहे. नवसाची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. दोहोंचे वजन वेगवेगळे आहे, एवढे भान ठेवले म्हणजे पुरे. कथेत लक्ष देण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: शत्रूच्या छावणीत अडकलेल्या गावाने, हाती शस्त्र नसताना, आपल्या बाजूने काय केले, या प्रश्नाचे उत्तर त्या कथेतून गाव स्वतःला देत आले आहे. धागाकर्त्यांनी वर ज्या ओझ्याचा उल्लेख केला, त्याचाच हा माग आहे.

जाता जाता आणखी एक परंपरा नोंदवतो. गुरू कन्या राशीत येतो, तेव्हा गंगा कृष्णेच्या भेटीला येते, अशी श्रद्धा आहे आणि त्या वेळी वाईत कन्यागत पर्वकाळ साजरा होतो. सुमारे बारा वर्षांनी येणारा हा योग 2016 मध्ये आला होता.

नदीवेडा

कन्यागताचा विषय निघाला म्हणून लिहितो. गंगा भेटीला येणार असेल, तर तिला आपण कोणती कृष्णा दाखवणार आहोत?

वाईच्या वर धोमचे धरण आहे, साडेतेरा अब्ज घनफूट क्षमतेच्या आसपासचे, आणि त्याच्याही वर बलकवडीचे. या धरणांनी खालच्या दुष्काळी भागाला पाणी दिले, हजारो शेतकऱ्यांचे संसार उभे केले. त्याची किंमत खोऱ्यातल्या ज्या गावांनी आपली जमीन देऊन चुकवली, त्यांच्याविषयीही कृतज्ञता असावी. पण नदीच्या वाट्याला काय आले? पूर्वी उन्हाळ्यात पात्र क्षीण होई, तरी ते वाहते असे. आता पाणी कालव्यांनी जाते. पात्रात उरते ते वरून सोडलेले आवर्तन आणि गावातून उतरणारे सांडपाणी. साचलेल्या पाण्यावर जलपर्णी पसरते, पायऱ्यांवर शेवाळ आणि कचरा थांबतो. ज्या घाटांवर नदीला लेक मानून तिची ओटी भरली जाते, त्याच घाटांच्या कडेने नाले नदीला मिळतात.

गावातले तरुण आणि ज्येष्ठ नागरिक वारंवार घाटांची स्वच्छता करतात. त्यांचे काम डोळ्यांनी पाहिलेले असल्याने आदराने सांगतो की, हाताने काढलेल्या कचऱ्याने पायऱ्या स्वच्छ होतात, पाणी स्वच्छ होत नाही. पाणी स्वच्छ व्हायचे तर प्रत्येक नाल्याचे तोंड नदीपासून वळवून शुद्धीकरणाकडे न्यावे लागेल आणि नदीच्या स्वतःच्या वाहण्यासाठी धरणातून किमान प्रवाह राखावा लागेल. 2011 च्या जनगणनेत वाई शहराची लोकसंख्या 36 हजारांच्या घरात होती. एवढ्या आकाराच्या शहराचे सांडपाणी हाताळणे आजच्या तंत्राला अजिबात अवघड नाही. शनिवार-रविवारी महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांची रांग, वाढलेली हॉटेले, नव्या वसाहती, हे सर्व ध्यानात घेऊनही ते शक्य आहे.

ब्रिटिश काळातला दगडी पूल अलीकडे पाडला गेला आणि नवा पूल बांधला गेला. वाहतुकीला तो हवाच होता. पुलासाठी जी तत्परता दाखवता येते, तीच नाल्यांसाठी दाखवावी, एवढीच मागणी आहे.

पसरणीकर

नदीवेडा यांच्याशी पूर्ण सहमत. कालव्याच्या पाण्यावर आमचीही शेती आहे आणि तरीही मी म्हणतो की, नदीचा वाटा आधी काढून ठेवावा. बगाड सोनेश्वरापासून निघते. तिथले पाणी डोक्याला लावण्याजोगे राहिले पाहिजे.

अकारादी

विश्वकोशाचा उल्लेख अजून कुणी केलेला नाही, म्हणून हा प्रतिसाद.

1960 मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. यशवंतराव चव्हाणांनी साहित्य संस्कृती मंडळ नेमले आणि तर्कतीर्थांना अध्यक्ष केले. मराठीत ज्ञानविज्ञानाचा सर्वसंग्राहक कोश व्हावा, ही मंडळाची मोठी योजना होती आणि तर्कतीर्थ तिचे प्रमुख संपादक झाले. कोशाचे कार्यालय मुंबई-पुण्यात न थाटता वाईत आणले गेले. पहिला खंड, अंक ते आतुरचिकित्सा, 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. 1980 मध्ये विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ झाले आणि खंडांची संख्या पुढे वीसपर्यंत गेली. भौतिकी, वैद्यक, शेती, स्थापत्य, धर्म, कला अशा शेकडो विषयांवर महाराष्ट्रभरच्या जाणकारांनी लिहायचे आणि वाईत बसलेल्या संपादकांनी त्या नोंदी तपासायच्या, एका शैलीत आणायच्या, परिभाषा सांभाळायची आणि मुद्रिते वाचायची, असे हे काम कित्येक दशके चालले. नोंदी आज संगणकावर कुणालाही विनामूल्य वाचता येतात.

हे वाईतच का जमले, असा प्रश्न धाग्याच्या अनुषंगाने पडतो.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

अकारादी, हा प्रश्न मी मुद्दाम चर्चेसाठी ठेवला होता. तर्कतीर्थ वाईत राहत होते, हे उघड कारण झाले, पण तेवढे पुरेसे नाही. विद्वान माणूस गाव सोडून राजधानीत सहज जातो आणि तर्कतीर्थांना दिल्ली-मुंबईची दारे उघडीच होती. 1954 मध्ये दिल्लीला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, 1955 मध्ये मराठीसाठीचा पहिला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला होता.

कोशाचे काम वाईला नवे नव्हते, हे माझ्या मते खरे कारण आहे. विश्वकोशाच्या कितीतरी आधी केवलानंदांनी मीमांसाकोशाचा प्रचंड प्रकल्प हाती घेतला होता. त्याचे सात भाग झाले. धर्मकोशाचे व्यवहारकांड, म्हणजे कायदा आणि न्याय यांविषयीचा भाग, तर्कतीर्थांच्या संपादनाखाली 1937 पासून छापून येऊ लागले. स्मृती, भाष्ये, निबंधग्रंथ यांतली वचने विषयवार वेचायची, पाठभेद नोंदवायचे, काळाच्या क्रमाने लावायची आणि धर्म कसकसा बदलत आला, ते वाचकापुढे कागदोपत्री ठेवायचे, ही धर्मकोशाची पद्धत आहे. बदलाला शास्त्राची मान्यता आहे का, असा वाद घालणाऱ्याला या कोशाची पाने हेच उत्तर होते. प्राज्ञपाठशाळेच्या मुद्रणालयात संस्कृत ग्रंथांचे अवघड जुळणीकाम करणारे हात तयार झाले होते, वाईहून निघणाऱ्या ‘नवभारत’ मासिकाने वैचारिक लेखन तपासून छापण्याची सवय लावली होती, संदर्भग्रंथांचा साठा होता आणि एका नोंदीवर आठवडा घालवणे म्हणजे वेळ फुकट घालवणे नव्हे, असे मानणारी माणसे गावात होती. विश्वकोश आला, तेव्हा गावाला हा धंदा अंगवळणी पडलेला होता.

राजधानीत निर्णय होतात, मानसन्मान होतात, पण तिथे माणसांच्या बदल्या होतात आणि योजना बदलतात. मेणवलीचे दप्तर, धर्मकोश आणि विश्वकोश, तिन्ही कामे पुण्या-मुंबईच्या आज्ञेने किंवा आधाराने चालली असतील, पण राहिली आणि वाढली ती या खोऱ्यात. नदीवेडा यांनी नाल्यांविषयी केलेली मागणीही मी याच धाटणीचे काम समजतो: त्यात उद्‌घाटनाचा समारंभ थोडा आणि रोजची देखरेख फार. गावच्या संस्थांनी कन्यागताच्या पुढच्या पर्वाआधी, म्हणजे 2028 पूर्वी, घाटाघाटावरचे नाले मोजून त्यांची जाहीर नोंदवही ठेवावी आणि दर महिन्याला ती नव्याने भरावी, असे मी सुचवतो. आळ्यांचे उत्सव मंडळ आधीपासून घाटवार विभागलेले आहे, तेव्हा जबाबदारी वाटून घ्यायला नवी समिती लागणार नाही. बावधन आणि पसरणीच्या मंडळींनीही आपापल्या काठाची नोंद त्यात जोडावी. इथल्या सभासदांपैकी जे वाईत राहतात, त्यांनी आपली आळी प्रतिसादात कळवावी, म्हणजे कोणत्या घाटाची नोंद कोण घेणार, हे इथेच ठरवता येईल.

नदीवेडा

गंगापुरी घाटाची नोंद मी घेतो.

घाटवाट

गणपती आळी आणि मधली आळी माझ्याकडे. पायऱ्यांच्या निखळलेल्या दगडांचीही नोंद त्याच वहीत ठेवू.